येळवशीला पाडलेली कचेरी

तुरी वाळल्या की वाऱ्याला आवाज फुटतो. शेंगा एकमेकींना घासून खुळखुळत राहतात, आणि गावाच्या कुठल्याही टोकाला उभं राहिलं तरी तो आवाज कानावर येतो, कारण आमच्या तालुक्याच्या गावाला चारही अंगांनी तुरीनंच वेढलेलं आहे. सकाळी कडाक्याची थंडी, दुपारी टोचणारं ऊन, आणि रस्त्यावर जिकडं तिकडं मळणीयंत्रातून उडून आलेला पिवळा भुसा. तो केसात बसतो, वाळत घातलेल्या कपड्यांत बसतो. पूर्वी वर्षातला हा हंगाम मला सगळ्यांत लाडका होता. आता भुसा नाकात गेला की आधी ठसका लागतो आणि मग लाल धूळ आठवते. जांभ्या दगडाची, विटकरी, ओलसर वासाची धूळ. त्या दिवशी ती पिवळ्या भुशात मिसळून गावावर उडत होती, आणि तिच्यापलीकडं माझी माय उभी होती.

ती धूळ आमच्या जुन्या नगरपालिकेची.

त्या इमारतीला गावात तीन नावं होती. जुनी माणसं तिला कचेरी म्हणायची, कारण निजामाच्या काळात ती कचेरी म्हणूनच बांधली गेली. आम्ही मुन्सिपाल्टी म्हणायचो. आणि गाव कर्नाटकात गेल्यापासून दारावरच्या पाटीवर कन्नडमध्ये लिहिलं होतं पुरसभा. पाटी रंगवणाऱ्यानं आधीची अक्षरं कधी नीट खरवडली नसावीत. पावसाळ्यात रंगाचे पोपडे निघाले की कन्नडच्या खालून देवनागरीची एखादी वेलांटी आणि तिच्याही खालून उर्दूचे दोन ठिपके डोकावायचे. समोर रुंद पायऱ्या, त्यांच्यावर पाच कमानींचा व्हरांडा, आत उंच छताचा सभेचा हॉल. आणि व्हरांड्याच्या डाव्या टोकाला वाचनालय.

माझं सगळं शिक्षण त्या वाचनालयात झालं असं म्हटलं तरी चालेल. आमचं घर म्हणजे एक खोली, त्यात सहा माणसं. अभ्यासाला जागा कुठली? शाळा सुटली की मी थेट वाचनालयात जायची. सोलापूरचा पेपर दुपारच्या एसटीनं यायचा, हैदराबादचा उर्दू पेपर त्याच्याही नंतर. वाचनालय करीमचाचा सांभाळायचे. उंच, वाकलेले, दाढीला मेंदी लावलेले. ते कुणाशी फारसं बोलत नसत, पण मी दारात दिसले की खिडकीजवळची खुर्ची फडक्यानं पुसून पुढं सरकवायचे. "कायकू खडी है? बैठ ना बेटी." ती खुर्ची रिकामी नसेल तर तिथं बसलेल्या मोठ्या माणसालाही उठवायला ते कमी करत नसत. एवढी माया कशापायी, हे मला कधी कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. लहानपणी आपल्यावर कुणी माया केली तर आपण ती हक्काची धरून चालतो.

हिवाळ्यात त्या खिडकीतून तिरपं ऊन यायचं. तुरीची राशी करून आलेली माणसं अंगावरच्या भुशासकट पेपर वाचायला बसायची. कुणी मोठ्यानं वाचायचा, कुणी नुसतंच ऐकायचा. मराठी पेपर वाचणारा उर्दूवाल्याला बातमी सांगायचा, उर्दूवाला कन्नडवाल्याला. बीएडच्या परीक्षेपर्यंत मी तिथं वाचलं. पुढं गावातल्याच मराठी शाळेत शिक्षिका झाले, आणि वर्गातल्या पोरांना घेऊन पुन्हा तिथंच जाऊ लागले.

माझी माय त्याच इमारतीत झाडायचं काम करायची. रोजंदारीवर. माझ्या शाळेच्या आधी, उजाडायच्या सुमाराला तिचं झाडून झालेलं असायचं, त्यामुळं तिला तिथं काम करताना मी फार थोड्या वेळा पाहिलं. पुढं झाडायचं काम ठेकेदाराकडं गेलं आणि मायचं काम सुटलं. तिनं भाजीची टोपली घेतली. मग कितीतरी वर्षांनी आमचा वॉर्ड राखीव झाला, बौद्धवाड्यातल्या बायांनी मायला उभं केलं, आणि भाजी विकताना प्रत्येक दारी ओळख झालेली माझी माय, कमळाबाई, निवडून आली. मेंबरीणबाई झाली.

पहिल्या सभेच्या दिवशी मी तिला पोचवायला गेले होते. पांढरी नवी साडी, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. पायऱ्यांपाशी आल्यावर ती थबकली. बराच वेळ वर बघत राहिली. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. मी तिचा दंड धरला, तर तिनं माझा हात सोडवला आणि एकटीच चढून गेली. मला त्या वेळी अभिमानानं भरून आलं होतं. मी तो क्षण शाळेत पोरांना कितीदा सांगितला असेल, याची गणती नाही.

पाडायचा विषय तिच्या मेंबरकीतच निघाला. एका पावसाळ्यात सभेच्या हॉलच्या छताचा एक तुकडा खाली आला. कुणाला लागलं नाही, पण इंजिनीअर येऊन बघून गेले आणि इमारत धोक्याची ठरली. पाडून तिथंच नवी बांधायची असं ठरायला लागलं. गावात दोन तट पडले. वाचवा म्हणणाऱ्यांच्या पुढं होते बिराजदार सर, मला शाळेत गणित शिकवलेले, आता निवृत्त. त्यांच्या घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि जुन्या इमारतींवर जीव. "सुजाता, छत दुरुस्त होतंय. भिंतीला काय बी झालेलं न्हाई. तीन हात रुंद भिंत हाय ती," ते म्हणायचे. आम्ही अर्ज दिले, सह्या गोळा केल्या. बिदरला जाऊन साहेबांना भेटलो.

आणि सभेत मतं घेतली तेव्हा माझ्या मायनं पाडण्याच्या बाजूनं हात वर केला.

मला ते तिनं सांगितलं नाही, बाजारात कळलं. घरी आले तर ती मेथी निवडत बसली होती.

"माय, तू पाडा म्हणलीस?"

"व्हय."

"कामून?"

"धोक्याची हाय म्हणून."

"दुरुस्त होतीय ती. बिराजदार सरांनी सगळ्यांना समजावून सांगितलंय. तुला ठाऊक हाय, मी त्या वाचनालयात..."

"मला ठावं हाय तू कुठं काय केलीस ते," ती म्हणाली. मान वर केली नाही. "मी एकच मागितलं हाय त्यांना. नव्या बिल्डिंगीत झाडणाऱ्या बायांला एक खोली. दाराची. आतून कडी लागणारी. ते लिहून घेतलेत."

मी चिडले होते. खोली जुन्या इमारतीतही काढता आली असती, असं मी म्हणाले. मेथीची पानं एका बाजूला आणि काड्या दुसऱ्या बाजूला पडत राहिल्या. त्या आठवड्यात आमच्या घरात कामापुरतंच बोलणं झालं. बाहेर लोक वाटेल ते बोलायचे. मेंबरीणबाईला काहीतरी मिळालं असंल, असंही मी दोघा-तिघांच्या तोंडून ऐकलं. ते खोटं आहे हे मला माहीत होतं, पण खरं काय ते माहीत नसल्यानं मला त्यांच्याशी भांडताही येत नव्हतं.

मग येळवस आली.

जे आमच्या भागातले नाहीत त्यांना येळवस सांगून कळायची नाही. मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोपी करतात, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, पूजा करतात, आणि मग आंबील, भज्जी, उंडे, खीर. ज्याचं शेत त्याच्याकडं ओळखीपाळखीची दहा घरं जेवायला. दुकानं बंद, बाजार बंद. भर दुपारी मुख्य रस्त्यावर उभं राहिलं तर स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकू येतो.

गावात फक्त ते राहतात ज्यांना शेत नाही आणि कुणी बोलावलेलंही नाही.

मला बिराजदार सरांनी बोलावलं होतं. त्यांचं शेत मुडबीच्या वाटेला. मायलाही बोलावणं होतं, ती म्हणाली, "तू जा. मला थंडी सोसंना." कोपीच्या सावलीत आम्ही बसलो होतो, पानात भज्जी वाढलेली होती, सर आग्रह करत होते. आजूबाजूला न कापलेली तूर खुळखुळत होती. तेवढ्यात आमच्या वॉर्डातल्या एका पोराचा फोन आला.

"टीचर, मुन्सिपाल्टी पाडायलेत. जेसीबी आलीय."

सरांनी हातातला घास पानात ठेवला. "आज?" ते म्हणाले. "आजच्या दिवशी?" मग तेच पुढं म्हणाले, "आजच. आज गावात कोण हाय अडवायला?" नंतर पाडणाऱ्या ठेकेदाराचं म्हणणं ऐकलं, की रस्ता रिकामा असला की कुणाला दगड लागत नाही, म्हणून हा दिवस धरला. तेही खरं असेल. मला अजून ठरवता आलेलं नाही.

सरांच्या गाडीवरून आम्ही आलो. रिकाम्या गावात ती धडधड किती लांबून ऐकू येत होती! जाऊन पाहिलं तर समोरच्या पाच कमानी जशाच्या तशा उभ्या होत्या. वाचनालयाची खिडकीही होती. पण कमानींच्या आत, जिथं हॉलचा अंधार असायचा तिथं, आरपार आभाळ दिसत होतं. पाडायला पाठीमागून सुरुवात झाली होती. आणि रस्त्याच्या पलीकडं माणसं उभी होती. आमच्या वाड्यातली, मोमीनपुऱ्यातली, वडरांची. शेत नसलेलं सगळं गाव तिथं गोळा झालं होतं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. सगळे नुसते बघत होते.

फोन करणारा पोरगा जवळ आला. हळूच म्हणाला, "टीचर, ते समोरूनच पाडणार होते. तुमच्या मायनं सांगितलं पाठीमागून सुरू करा म्हणून. ठेकेदार बी ऐकला, मेंबरीणबाई म्हणल्यावर."

माय सगळ्यांच्या पुढं होती. डोक्यावरच्या पदरावर लाल धूळ बसली होती. मी तिच्यापाशी गेले आणि रस्त्यावरच, सगळ्यांच्या देखत रडायला लागले. "एवढं काय वैर होतं गं तुझं तिच्याशी?"

"कामून रडायलीस," ती म्हणाली. "चल हिकडं."

तिनं मला हाताला धरून बाजूच्या गल्लीत नेलं. त्या गल्लीतून पाठीमागच्या आवाराचं फाटक होतं. कचऱ्याच्या गाड्या, खराटे, फिनेलचे डबे ठेवायचं पत्र्याचं शेड तिथं असायचं. मी तिकडं कधीच गेले नव्हते, जायचं कारणच नव्हतं. आता तिथं शेड नव्हतं. चेपलेले पत्रे आणि दगडांचा ढीग होता.

"तू कुठं झालीस, ठावं हाय का तुला?"

"तुरी काढायच्या दिवसात. दवाखान्यात."

"तुरी काढायच्या दिवसात, ते खरं हाय. दवाखान्यात न्हाई." तिनं त्या ढिगाकडं हात केला. "हितं झालीस."

मग तिनं सांगितलं. सलग नाही. जेसीबीचा पंजा भिंतीला लागला की ती थांबायची, आवाज विरला की पुढं बोलायची. दिवस भरत आले होते, तरी ती कामावर जात होती. त्या दिवशी बसत-उठत झाडताना उशीर झाला, आणि समोरच्या व्हरांड्यात कळा सुरू झाल्या. ती पायरीवर बसली. थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. कामावर देखरेख करणारा जमादार आला आणि म्हणाला, हितं बसू नको, साहेब यायची वेळ झालीय, पाठीमागं जा. माय म्हणाली, हॉल उघडून द्या, आत भिंतीच्या आडोशाला पडते. तो म्हणाला, हॉल तुमच्यासाठी न्हाई.

"मग भिंतीला धरून धरून मागं गेले. ही सगळी भिंत. हाताला गार लागत होती. मध्येच बसायची, पुन्हा उठायची. त्या शेडात माझ्याबरोबरच्या दोघी होत्या, त्यांनी लुगडं आडवं धरलं. खाली वली फरशी. तेवढ्यात तुझा करीमचाचा आला धावत. हॉलची किल्ली त्याच्यापाशी न्हवती. त्यानं वाचनालयातले रद्दीतले पेपर आणले, वंजळी भरभरून. खाली अंथरले. तोंड फिरवून फाटकात उभा राहिला, कुणाला आत येऊ दिला न्हाई."

मी त्या ढिगाकडं बघत राहिले. खिडकीजवळची खुर्ची, फडक्यानं पुसून पुढं सरकवलेली. करीमचाचा जाऊन तेव्हा कैक वर्षं झाली होती. त्यांनी कधी एक शब्द काढला नव्हता.

"सांगितली का न्हाईस मला?"

"कशाला सांगू? तू त्याच बिल्डिंगीत बसून शिकायलीस. सांगितले असते तर गेली असतीस का तिथं? शिकली असतीस का?" तिनं पदरावरची धूळ झटकली. "मेंबर झाले तवा वाटलं, आता विसरंल. त्या पायऱ्या चढून रोज वर गेले, खुर्चीवर बसले. पण खुर्चीवर बसलं तरी पाठीमागं ते शेड हायच की. माझ्यानंतर किती बाया आल्या. सगळ्या त्याच फाटकातून."

"माय, पण शेडच पाडायचं होतं. सगळी इमारत कशाला..."

"तुझं बी खरं हाय," ती म्हणाली. एवढंच. तिचा आवाज हरलेला नव्हता आणि जिंकलेलाही नव्हता. तेवढ्यात पुढच्या बाजूला मोठा आवाज झाला, पाचांपैकी पहिली कमान गेली, आणि माझ्या मायनं माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली. तेव्हा मला कळलं की तिलाही ते बघवत नव्हतं.

आम्ही रस्त्यावर परत आलो तर बिराजदार सर एका बंद दुकानाच्या कट्ट्यावर बसले होते. त्यांना मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. पुढं काही महिन्यांनी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "मी तिथं चाळीस वर्षं जाऊन पेपर वाचला. पाठीमागं काय हाय, बघितलो न्हाई कधी." आणि थोड्या वेळानं, "पण सुजाता, कमान चांगली होती गं." मी म्हणाले, होती सर.

पेपरात जुन्या इमारतीचा फोटो आला की मी तो अजून कापून ठेवते. त्या खिडकीतलं ऊन माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं ऊन होतं, हे मी कसं नाकारू? आणि त्याच भिंतीच्या पाठीमागच्या बाजूला हात टेकत टेकत गेलेली एक कळा सोसणारी पोर, तिला कसं विसरू? जिला वाचवायला निघाले तीही तीच इमारत, आणि पडली ते बरं झालं असं जिच्याबद्दल कधी कधी वाटतं तीही तीच. गावाचा इतिहास लिहायला कुणी बसलं तर तो समोरून लिहील की मागून, असा विचार मनात येतो. मग शाळेची घंटा होते आणि मी वर्गात जाते.

नवी इमारत झालेली नाही. भूमिपूजन झालं, नारळ फुटले, पाया खणला. त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं आणि पत्र्याच्या कुंपणाआड बेडूक ओरडतात. कार्यालय बायपासला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं गेलं. वाचनालयाची पुस्तकं पोत्यांत भरून एका शाळेच्या खोलीत ठेवली होती, मी बघायला गेले तर अर्ध्याला वाळवी. मायची मेंबरकी संपली. तरी ती महिन्या-दोन महिन्यांनी तो जिना चढून वर जाते आणि टेबलावरच्या पोराला विचारते, बायांच्या खोलीचं काय झालं? "आगतद अम्मा," तो म्हणतो. होईल अम्मा, होईल. तो चांगला मुलगा आहे, तिला खुर्ची देतो, पाणी देतो. खोलीचं त्याच्या हातात काही नाही.

"पाडलं ते बरं झालं," माय एकदा जिना उतरताना म्हणाली. मधल्या पायरीवर दम घ्यायला थांबली होती. "बांधतेत का न्हाई, ते मी बघाया पाहिजे होतं."

यंदाची थंडी जास्त आहे. आमच्या गल्लीत झाडायला नागम्मा नावाची एक तरणी बाई येते, ठेकेदाराकडची, औराद तिकडची, बोलते तेलुगू-कन्नड आणि मराठी मिसळून. शेडही नाही आणि खोलीही नाही, त्यामुळं काम आटोपलं की या बाया कुणाच्यातरी बंद दुकानापुढं बसतात. परवा सकाळी माय दारात उभी होती. नागम्मा झाडत झाडत आमच्या घरापुढं आली, खराटा भिंतीला लावला आणि हातांवर फुंकर घालत पायरीच्या खालीच, मातीत बसली.

"आत ये," माय म्हणाली. "चहा टाकायलीय पोरगी माझी."

"नक्को अक्का. पाय घाण हायत."

"धुवून ये. पाणी देते. न्हाईतर तशीच ये, मी पुसते मागनं."

नागम्मा हसली आणि मान हलवली. माय पुन्हा म्हणाली, पुन्हा तिनं मान हलवली. मी आतून बघत होते. वाटलं, आता ही चिडेल, नाहीतर हात धरून तिला ओढेल. मायनं तसं काही केलं नाही. तिनं दाराची चौकट धरली, दुखरा गुडघा सांभाळत एकेक पायरी उतरली, आणि हळूहळू वाकून नागम्माच्या शेजारी मातीत बसली. पदर सोडून अर्धा तिच्या खांद्यावर टाकला.

मी तीन कप घेऊन बाहेर गेले.